स्टेज 1 रीमॅप केलेल्या पोलोत ई20 घालू की 100 ऑक्टेन?

तुमची 2021 ची पोलो 1.0 टीएसआय, नुकताच केलेला स्टेज 1 रीमॅप (पार्ट न बदलता ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), आणि आता ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सोडून 100 ऑक्टेनवर जावं का, असा प्रश्न. माझ्याकडेही हीच गाडी आणि हाच उपद्व्याप, म्हणून लिहितोय.

आधी ट्यूनरला (रीमॅप करणाऱ्याला) विचारा, मॅप, म्हणजे ते नवं सॉफ्टवेअर, कोणत्या पेट्रोलवर बनवलाय? "सगळ्यावर चालतो" असं उत्तर आलं तर सावध व्हा.

ऑक्टेन आणि इथेनॉल यांची लोक सरमिसळ करतात. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी पेट घ्यायला पेट्रोल किती विरोध करतं ते. त्या बाबतीत इथेनॉल वैरी नाही. त्याचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास, वर वाफ होताना ते बरीच उष्णता ओढून घेतं, म्हणजे टर्बोला फायद्याचंच. पूर्वीचं साधं पेट्रोल 91 चं होतं, ई20 साधारण 95 चं. अमेरिकेत ट्यूनिंगवाले ई85 चे (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉलवाल्या इंधनाचे) पंप मुद्दाम शोधत फिरतात. (माझे मामा ऊस लावतात, त्यामुळे आमच्या घरात इथेनॉलला शिव्या द्यायची सोय नाही, हेही सांगून ठेवतो.)

खरी अडचण प्रमाणाची आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. ई20 साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि भागवून घेतो. माझ्या स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त देतोय तो आकडा) ई20 वर +6 ते +7 दिसायचा. नेहमीच्या चालवण्यात ठीक, पण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेल्या गाडीत पंप आणि इंजेक्टर आधीच ताणलेले असतात. म्हणून मॅप ई20 वरच करून घेतलेला बरा.

पंपावरच्या पाटीवर विश्वास नसेल तर 100 मिलीच्या मोजपात्रात 20 मिली पाणी, वर 80 मिली पेट्रोल ओता, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वर चढतो. माझ्याकडे तो 35 वर थांबला, म्हणजे 80 मिलीत 15 मिली इथेनॉल, साधारण 19 टक्के, म्हणजे ई20 च. हे अंगणात करा, स्वयंपाकघरात नको. प्रीमियम 95 म्हणून विकतात त्यातही इथेनॉल असतं, जादा पैसे मुख्यतः डिटर्जंटचे. इथेनॉल नको असेल तर 100 वालं.

ते मी तीन टाक्या घालून पाहिलं. खंबाटकी घाटात पहाटे रस्ता मोकळा असताना दुसऱ्या गिअरमध्ये लॉग (स्कॅनरवरच्या नोंदी) काढले. ई20 वर दोन सिलिंडरमध्ये ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) अवेळी पेट टाळायला दोन-तीन डिग्री मागे घेत होता, 100 वर जवळजवळ शून्य. कागदावर छान, पण बसल्या जागी मला काडीचा फरक जाणवला नाही. माझा मॅप 95 साठी लिहिलेला, त्याने जादा टायमिंग मागितलंच नव्हतं, मग जादा ऑक्टेन नुसता टाकीत बसून राहतो. लिटरमागे 50 रुपयांहून जास्त फरक, 35 लिटर भरले की सतराशेच्या वर गेले. 100 चा वेगळा मॅप लिहून घेतलात तर तो पैसा चाकावर उतरेल, पण मग गावाकडच्या पंपावर 100 नसेल तेव्हा काय, हेही ट्यूनरशी बोलून ठेवा.

एक मात्र बघाच. ई20 ला चालणारं रबर आणि सील असलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून आल्या, आपली त्याआधीची. सर्व्हिसला इंधनाचे होज आणि सील तपासून घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तेवढ्यापुरतं मी 100 घालतो, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

लॉग काढलात तर इथे टाका. दुसऱ्या गिअरमध्ये 2500 ते 6000 आरपीएम असा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून एक पुल (धाव) पुरे, सोबत चारऐवजी तिन्ही सिलिंडरचा नॉक रिटार्ड (टायमिंग किती मागे घेतलं तो आकडा). तीनच आहेत म्हटलं, माझा पहिला ट्यूनर तेही विसरला होता.