ब्लू-रे कॉम्प्युटरवर लावली की मागचे स्पीकर गप्प का राहतात?

तुमचा प्रश्न मला असा कळला: रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरांना वाटून देणारा अॅम्प्लिफायर) कॉम्प्युटरला ऑप्टिकल वायरने जोडलाय, ब्लू-रे लावली की सॉफ्टवेअरमध्ये 'डीटीएस ५.१' (डीटीएस ही आवाज दाबून भरायची एक पद्धत, ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर) दिसतं, पण रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'पीसीएम' येतं आणि मागचे दोन स्पीकर गप्प. दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअर बदला. मित्र म्हणतो रिमोटवरचं 'ऑल चॅनल स्टिरिओ' दाब, सगळे वाजायला लागतील.

मित्राचं अजिबात ऐकू नका. या एका बटणावरून आमच्या घरात मोठा वाद झालाय, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

आधी तुमचं काम. सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही, पैसे वाया जातील. डिस्प्लेवर 'पीसीएम' येतं म्हणजे डिस्कवरचा आवाज कॉम्प्युटरनेच उलगडला, ५.१ चे दोन चॅनल केले आणि तेवढेच पुढे पाठवले. तो असं करतो कारण ऑप्टिकलमधून उलगडलेला आवाज दोनच चॅनलचा जातो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल. गुणाकार केलात तर सेकंदाला १५३६ किलोबिट येतात. डीटीएसचा ५.१ ट्रॅक जास्तीत जास्त १५०९ किलोबिटचा असतो आणि डॉल्बी डिजिटल, ही तशीच दुसरी पद्धत, ब्लू-रेवर जास्तीत जास्त ६४०. म्हणजे दोन्ही त्या वायरीत बसतात, फक्त न उघडता गेले पाहिजेत. पोस्टमन पाकीट बंदच्या बंद देतो तसं. उघडायचं काम रिसीव्हरचं.

त्यासाठी सॉफ्टवेअरला 'पासथ्रू' सांगावं लागतं. व्हीएलसीमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ इथे पासथ्रूचा पर्याय आहे, तो चालू करा. एमपीसी-एचसी हा प्लेअर वापरत असाल तर त्यातल्या एलएव्ही ऑडिओ या आवाज उलगडणाऱ्या भागाच्या सेटिंगमध्ये बिटस्ट्रीमिंगखाली डॉल्बी आणि डीटीएसवर टिक करा. पॉवरडीव्हीडीसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओचं आउटपुट स्पीकरवरून एस/पीडीआयएफवर, म्हणजे त्या ऑप्टिकलच्या डिजिटल आउटपुटवर, न्या. मग विंडोजच्या साउंडच्या जुन्या खिडकीत जाऊन डिजिटल आउटपुटच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'सपोर्टेड फॉरमॅट्स'मध्ये डीटीएस आणि डॉल्बी डिजिटल दोन्ही टिक आहेत ना ते बघा आणि तिथलंच टेस्टचं बटण दाबा. साउंडच्या त्या जुन्या खिडकीत 'कॉन्फिगर' बटण फिकं दिसेल, दाबलं जाणार नाही. तो बिघाड नाही. डिजिटल आउटपुटला विंडोज स्पीकरची मांडणी विचारतच नाही. त्या फिक्या बटणापायी लोक ड्रायव्हर काढून परत टाकत बसतात.

आता ते बटण.

माझे सासरे नाशिकरोडला, जेलरोडवर राहतात. प्रेसमधून निवृत्त झालेत. काचबिंदूने बाजूचं दिसणं गेलंय, समोरचं तेवढं दिसतं. पण सिनेमाचा नाद तसाच आहे, आणि अर्धा सिनेमा ते कानांनीच बघतात. म्हणून मेहुण्याने त्यांना रिसीव्हर, पाच स्पीकर आणि वूफर घेऊन दिला. दुकानातला मुलगा आला, वायरी जोडल्या, दोन गाणी लावून दाखवली आणि गेला. ब्लू-रे लावली तर मागचे स्पीकर मुके. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "कॉम्प्युटरवर फाइव्ह पॉइंट वन होतच नाही, वेगळा प्लेअर घ्या."

दिवाळीत आम्ही दोघेही जावई तिकडे होतो. आमच्या थोरल्या साडूंचा मंडप आणि साउंडचा व्यवसाय आहे. लग्न, गणपती, सप्ताह, काही असो, आवाजातलं आपल्याला कळतं अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी रिमोट घेतला, ऑल चॅनल स्टिरिओ लावलं आणि एकदम सगळे स्पीकर वाजायला लागले. "झालं! कुठे बिघाड होता?" घरातले सगळे खूश.

नाना, म्हणजे सासरे, तेवढे गप्प होते. पडद्यावर एका खोलीत दोन माणसं बोलत होती आणि नाना सारखे मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "आवाज भरपूर आहे हो, पण कोण कुठं उभं आहे तेच कळेना."

त्या बटणाचा सगळा दोष या वाक्यात आला. ते दाबलं की डावा आवाज पुढच्या डाव्या स्पीकरला जातो तसा मागच्या डाव्यालाही जातो, उजव्याचंही तेच, आणि मधल्याला दोन्हींची बेरीज. समोरचा माणूस तुमच्या पाठीमागूनही बोलतो. डिस्कवरचे मागचे चॅनल वेगळे भरलेले असतात. पाऊस, गर्दी, मागून गेलेली गाडी असलं त्यात असतं, आणि संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरला. तो वेगळेपणाच पुसला, तर पाच स्पीकर घेतले कशाला?

मी वर लिहिलेली सेटिंग केली. रिसीव्हरवर 'पीसीएम' जाऊन 'डीटीएस' आलं. तोच प्रसंग परत लावला. संवाद पडद्यापाशी आले, थोड्या वेळाने मागून दार आपटलं, आणि नानांनी मान न वळवता नुसता अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. बरोबर दाखवला.

साडू म्हणाले, "आवाज पडला. मागचे तर निम्मा वेळ वाजतच नाहीत."

नाहीच वाजणार. वाजायचेच नाहीत. दोन माणसं बंद खोलीत बोलतायत तर मागून काय येणार? हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं, नंतरही सांगितलं, त्यांना पटत नाही. मंडपात त्यांचं खरं आहे हे मान्य. तिथे शेवटच्या खुर्चीलाही पहिल्या खुर्चीइतकंच ऐकू गेलं पाहिजे, कुठून येतंय याला किंमत नाही. घरी सिनेमा बघताना कुठून येतंय यालाच किंमत आहे. त्या कामातला अनुभव या कामाला चालत नाही, मग तो कितीही वर्षांचा असो. आणि ज्यांना बाजूचं दिसत नाही अशा माणसापुढे 'सगळीकडून येतंय ना' हे म्हणणं मला आजही पटत नाही.

म्हणून तुम्हालाही सांगतो: सेटिंग बरोबर झाल्यावर मागचे स्पीकर बराच वेळ शांत राहतील. परत बिघडलं म्हणून घाबरू नका. शंका वाटली तर रिसीव्हरचा स्वतःचा टेस्ट टोन लावा, तो सूं असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरवतो. मागून आला म्हणजे वायरी आणि स्पीकर ठीक. खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. दुकानातल्या त्या मुलानेही केलं नव्हतं. आणि 'मागचे' म्हणतो तरी ५.१ मध्ये ते अगदी पाठीमागे नसतात. समोरची दिशा शून्य धरली तर दोन्ही बाजूंना साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. नानांकडे ते मागच्या भिंतीला कपाटावर ठेवले होते, तिथून खाली आणले.

आता काही गोष्टी राहिल्या. पासथ्रू लावल्यावर कॉम्प्युटरचा आवाज कमी-जास्त करून काही फरक पडत नाही, तो रिसीव्हरवरूनच करायचा. सिनेमा चालू असताना विंडोजचे टिंग-टाँगही ऐकू येत नाहीत. ते तसंच असतं.

डिस्कच्या मेनूत कुठला ट्रॅक निवडलाय तेही बघा. एकाच डिस्कवर एका भाषेचा ५.१ आणि दुसऱ्या भाषेचा किंवा कॉमेंटरीचा नुसता २.०, म्हणजे दोनच चॅनलचा, असू शकतो. त्यात मागचे चॅनल नाहीतच.

डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेवरचे वरच्या दर्जाचे ट्रॅक ऑप्टिकलमधून जात नाहीत. तिथे सोबतचा साधा डॉल्बी किंवा डीटीएस जातो. घरातल्या बैठकीच्या खोलीत मला त्याची खंत वाटत नाही, पण तुम्हाला वाटत असेल तर एचडीएमआय घ्या. तेव्हा मात्र वायर कॉम्प्युटरमधून रिसीव्हरला आणि रिसीव्हरमधून टीव्हीला, याच क्रमाने. आधी टीव्हीला जोडलीत तर बरेच टीव्ही कॉम्प्युटरला 'मी दोनच चॅनल घेतो' असं कळवतात आणि परत तीच रड.

वर लिहिलेलं सगळं रिसीव्हर असलेल्यांसाठी आहे. कॉम्प्युटरच्या मागे हिरव्या, काळ्या, नारिंगी अशा तीन पिना खोचून ५.१ चा सेट लावला असेल तर उलटं करायचं: पासथ्रू बंद, आणि विंडोजमध्ये कॉन्फिगरला जाऊन ५.१ निवडायचं, कारण तिथे उलगडायचं काम कॉम्प्युटरचंच आहे. आणि दोनच स्पीकर असताना तिथे ५.१ निवडलंत तर संवाद गायब होतात, कारण मधल्या चॅनलला वाजायला जागाच उरत नाही.

व्हीएलसीबद्दलही एक: विकतच्या डिस्कचं कुलूप उघडायच्या किल्ल्या त्याच्यासोबत येत नाहीत. डिस्कच चालत नसेल तर ती भानगड वेगळी, आवाजाची नव्हे. पण तुमच्याकडे चित्र दिसतंय, म्हणजे ते सुटलेलं आहे.

सगळं करूनही डिस्प्लेवर 'डीटीएस' आलं आणि मागून संवादच ऐकू येत असतील, तर ते बटण दाबलेलंच राहिलंय. बरेच रिसीव्हर शेवटचा मोड लक्षात ठेवतात, कॉम्प्युटरकडून बरोबर आवाज आला तरी त्यालाही तोच लावतात. रिमोटवर 'डायरेक्ट' किंवा 'स्ट्रेट' असेल ते दाबा, आणि मित्र येऊन गेला की एकदा डिस्प्ले बघत जा.