एमबीबीएस करून परराष्ट्र सेवेत गेलं तर सरकारी सीट वाया जाते का? आणि यूपीएससीला वैकल्पिक विषय कोणता घ्यावा?

पहिल्या प्रश्नावर आमच्या घरात बारा वर्षं भांडण चालू आहे, म्हणून आधी तेच.

मी एमबीबीएस, आता महसूल सेवेत. (हवी होती परराष्ट्र सेवाच, रँक कमी पडला.) चुलतभावाच्या वास्तुशांतीला पंगत बसली होती. काकांनी सदरा वर करून पोटात इन्सुलिनचं पेन टोचलं, लगेच जिलेबीला हात घातला आणि शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "ही आमची पुतणी. हिच्यापायी एका गरिबाच्या पोराची सीट गेली." पाचच मिनिटांपूर्वी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून काकूंचा ईसीजी दाखवून झाला होता. कागदावर काकूंच्या हळदीच्या बोटाचा ठसा. म्हणजे फुकटची ओपीडी चालते, सीट तेवढी वाया! आणि ज्याची वास्तुशांत होती तो चुलतभाऊही सरकारी सीटवरचाच. टकलांवर केस रोवतो. ती सीट सार्थकी.

मग मी डेव्हिडसन निकोल यांचं नाव काढलं. म्हटलं, "काका, तुमच्या पेनवर 'ह्यूमन इन्सुलिन' लिहिलंय ना? गाईच्या इन्सुलिनची रचना ब्रिटिश शास्त्रज्ञ सँगरनं उलगडली, पण माणसाच्या इन्सुलिनमधला अमिनो आम्लांचा क्रम १९६० साली ज्या दोघांनी छापला त्यातले एक निकोल. सिएरा लिओनचे, केंब्रिजला शिकलेले डॉक्टर. पुढे त्यांनी काय केलं ठाऊक आहे? प्रयोगशाळा सोडली."

आधी फ्रीटाऊनच्या फोरा बे कॉलेजचे प्राचार्य झाले, मग १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशाचे स्थायी प्रतिनिधी. १९७० साली वसाहती संपवण्यासाठी नेमलेल्या चोवीस देशांच्या समितीचे ते अध्यक्ष होते. गोव्यातून पोर्तुगीज १९६१ मध्येच गेले म्हणून आपण तो विषय विसरलो. अँगोला, मोझांबिकमध्ये ते अजून ठाण मांडून होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात महासभेनं वसाहतवाद चालू ठेवणं हा गुन्हा असल्याचा ठराव केला. त्याआधी सप्टेंबरात सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद पाळीनं निकोल यांच्याकडे आलं, तेव्हा जॉर्डनच्या वाळवंटात अपहरण केलेली विमानं उभी होती. सगळे प्रवासी सोडा, हा ठराव परिषदेनं मतदान न घेता एकमतानं केला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांना एका वाक्यावर आणणं हे मला तरी डॉक्टरकीपेक्षा सोपं वाटत नाही.

काकांनी जिलेबी संपवली. म्हणाले, "तो आधी इन्सुलिनचं करून गेला. तू काय करून गेलीस?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतं: इंटर्नशिपचं वर्ष आणि ग्रामीण बाँड (खेड्यात ठरावीक काळ सेवा), दोन्ही पूर्ण करून गेले. सरकारशी तेवढाच करार होता. जन्मभर स्टेथोस्कोप गळ्यात ठेवीन असं मी कुठेही लिहून दिलेलं नाही. तुम्हालाही घरी हेच ऐकवत असतील तर बाँड पुरा करा आणि खुशाल जा.

हेही खरं की समितीच्या अध्यक्षांनी देश सोडवले नाहीत. अँगोला, मोझांबिक १९७५ मध्ये सुटले ते तिथल्या लढणाऱ्यांमुळे आणि १९७४ साली पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये सत्ता उलथल्यामुळे. शिवाय निकोल हे निकोल होते. त्यांच्या नावावर मी माझी वकिली केली, हे काकांनी बरोबर पकडलं.

वैकल्पिक विषयाचं राहिलंच. मी मेडिकल सायन्स घेतला होता. अभ्यासक्रम आधीच झालेला असतो हे खरं, पण बायोकेमिस्ट्री पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते. पहिल्या वर्षी ती घोकून पास झाला असाल तर दुसरं काही बघा. मानववंशशास्त्र बरेच डॉक्टर घेतात. मी वाचलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल दुसऱ्या कुणाला विचारा.