रविवारी आईची सही कुठेही नको

चिपळूणच्या बाजारपेठेजवळच्या घराबद्दल पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं. ते २०१४ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. आई ६८ वर्षांची, बहीण ठाण्यात. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तीन आठवड्यांत एका गृहस्थांनी आईकडून २२ लाखांचं साठेखत, म्हणजे पुढे घर विकण्याचा करार, नोटरीसमोर करून घेतलं, सोबत कुलमुखत्यारपत्रही, आणि एक लाख रोख हातावर ठेवले. मुदत सहा महिने. नंतर ते फिरकले नाहीत. आता उरलेले २१ लाख द्यायला तयार आहेत. वाचकाचा प्रश्न असा: बँकेतल्या मॅडम सांगतात त्या विमा योजनेत हे पैसे टाकावेत का, दहा वर्षांत दुप्पट होतात म्हणे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: ‘रविवारी ते मुदतवाढीचा पुरवणी करार घेऊन येणार आहेत, आईची सही तेवढी बाकी आहे.’

विमा योजनेचं नंतर बघू. ती सही होऊ देऊ नका.

साठेखताची मुदत फेब्रुवारी २०२२ मध्ये संपली. करारात तारीख ठरलेली असेल, तर तो पुरा करून मागण्यासाठी त्या तारखेपासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं. कोविडकाळातली सवलत धरली तरी ती तीन वर्षं उलटली आहेत. म्हणजे त्या गृहस्थांच्या हातातला कागद आज लंगडा आहे, आणि हे त्यांना कोणीतरी नक्की सांगितलेलं आहे. नाहीतर एवढ्या वर्षांनी मुदतवाढ कशाला हवी? आईने सही केली की तो कागद २०२१ च्या भावासकट पुन्हा उभा राहतो. ‘निदान आणखी पन्नास हजार ठेवा’ म्हणाले तर तेही घेऊ नका.

आता कुलमुखत्यारपत्र. त्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे. पण ते ज्याच्याकडे आहे तो आईच्या वतीने खरेदीखतावर सही करायला दुय्यम निबंधकासमोर उभा राहू शकतो. तेव्हा आधी सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा सरकारी उतारा, काढून घरावर काही व्यवहार नोंदला गेलाय का ते पाहा. मग वकिलामार्फत नोटीस, कुलमुखत्यारपत्र रद्द करणारा रद्दलेख, त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडे आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. मोबदला घेऊन दिलेलं म्हणून रद्द न होणारं, असं कुलमुखत्यारपत्रात लिहिलं असेल तर काम किचकट होतं. म्हणून दिवाणी काम करणारा वकील याच आठवड्यात गाठा आणि कागद त्याला दाखवा.

पत्रात बहिणीच्या सहीचा उल्लेख नाही. वडिलांच्या मागे आई, तुम्ही आणि ताई असे तीन वारस, प्रत्येकाचा एक तृतीयांश वाटा. आईने तिच्या नसलेल्या दोन तृतीयांशाचाही सौदा केला आहे. तिला दोष देत नाही. मी त्या ऑगस्टमध्ये चिपळूणला होतो. एका घरात पंख्याच्या पात्यांवर गाळ वाळला होता, घरातल्या बाई भिजलेले दस्त पान-पान सोडवून दोरीवर टाकत होत्या, आणि दारात एक माणूस भाव सांगत उभा होता. ‘पूररेषेत गेलं, आता कोणी फुकटसुद्धा घेणार नाही.’ अशा वेळी कोणीही सही करेल. हवाईतलं लहायना ऑगस्ट २०२३ मध्ये जळालं, तेव्हा तिथल्या राज्यपालांनी न बोलावता घर विकत मागायला जाण्यावरच आणीबाणीच्या आदेशाने बंदी घातली. चिखलातल्या माणसाला विचार करायला वेळ मिळावा, एवढंच त्यात आहे. तुमच्या आईला तो मिळाला नाही.

पूररेषेचं भय मात्र तपासून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी. घर निळीच्या आत असेल तर भाव खरोखरच कमी येईल. नगर परिषदेत नकाशा पाहा, ऐकीव माहितीवर २२ लाख मान्य करू नका. तुम्हीच लिहिता की शेजारची तेवढीच जागा गेल्या वर्षी ४६ लाखांना नोंदली गेली. फरक २४ लाखांचा. शिवाय सरकारी मूल्य समजा ४० लाख निघालं, तर २२ ला विकूनही भांडवली नफा ४० धरूनच मोजतात. न मिळालेल्या १८ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी सव्वादोन लाख कर.

तो एक लाखही डोक्यात ठेवा. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला. परत करायची ती वकिलाच्या सल्ल्याने आणि बँकेतूनच.

राहिला तुमचा प्रश्न. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम सात टक्के. ६८ वर्षांच्या बाईला दहा वर्षांची योजना सुचवणं हा सल्ला नव्हे, विक्री आहे. घर योग्य भावाने विकलं तर आईच्या वाट्याला कर जाण्याआधी पंधरा लाखांच्या आसपास येतील. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी वर्षाला सव्वा लाख, महिन्याला दहा हजार, आणि मुद्दल सरकारकडे.

विकायचं नाही असं ठरलं, तर भारत गृह रक्षा विमा घ्या. त्यात पूर येतो, आणि विम्याची रक्कम बाजारभावावर नव्हे, घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते. आईला तिथे राहायचंय की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आज ताईला फोन करा आणि दोघं मिळून आईला विचारा.