रंगकाम थांबवा, आधी वायरिंग बघा

गीझर लावला की आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) पडतो, म्हणून 'तो काढून डायरेक्ट करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 30 मिलीअँपियरची गळती पकडून आरसीसीबी तुमचा जीव वाचवतोय. आमच्या रिसेल फ्लॅटमध्ये बाथरूमचं सॉकेट उघडलं तर हिरवी वायर होती, पण कुठेच न जोडता गुंडाळून आत कोंबलेली! अर्थिंग नुसतं दाखवायला. तेव्हा परवानाधारक वायरमनकडून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून एकेक सर्किट तपासून घ्या. गीझर, एसीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढा. दिव्यांच्या दीडच्या वायरवरून जोड नको. आणि एमसीबी (जादा करंट वाहिला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून जास्त अँपियरचा बसवू नका, वायर जळेल तरी तो पडायचा नाही. मॉड्युलर स्विचचे रंग नंतर निवडा हो.