दुर्बीण की रोबोट?

प्रश्न : वडील 64 वर्षांचे, तासगावला द्राक्षबाग. विडी जुनी. लघवीतून दोनदा रक्त गेलं, दुखलं काहीच नाही. सोनोग्राफीत मूत्राशयात अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. मिरजेचे डॉक्टर दुर्बिणीतून काढू म्हणतात. पाहुणे म्हणतात, पुण्याला नेऊन रोबोटनेच करा. पोट फाडावं लागेल का?

उत्तर : आधी दुर्बीणच. ती लघवीच्या वाटेने आत जाते, पोटावर एकही टाका पडत नाही. वीज सोडलेल्या तारेच्या कडीने गाठ तासून काढतात. गाठ बाजूच्या भिंतीवर असेल तर विजेने मांडीची नस चेतते, पाय झटकन उडतो आणि मूत्राशयाला भोक पडू शकतं. म्हणून भूलतज्ज्ञांना विचारा, ती नस बधिर करणार की पूर्ण भूल देणार?

नंतर तीन तोंडांच्या नळीतून सलाईन चालू राहतं. बाहेर येणारी धार थांबली आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर गुठळी अडकली समजा. सकाळची वाट पाहू नका, लगेच सिस्टरांना बोलवा.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एकच गोष्ट शोधा : नमुन्यात मूत्राशयाचा स्नायू आला आहे का? स्नायूच नसेल तर गाठ किती खोल गेली ते कळत नाही. अशा वेळी, किंवा गाठ स्नायूच्या अलीकडच्या थरात शिरली असेल तर, 2 ते 6 आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालतात. पहिल्या डॉक्टरांचं चुकलं असं घरच्यांना वाटतं, पण उरलेली गाठ बऱ्याचदा याच वेळी सापडते. ही दुसरी फेरी टाळू नका. वरवरची पण जोखमीची गाठ असेल तर पुढे मूत्राशयात बीसीजी (क्षयाची लस) सोडतात, आठवड्याला एक असे 6 डोस.

रोबोटचा प्रश्न येतो तो गाठ स्नायूत शिरल्यावर, मूत्राशयच काढायचं ठरलं तर. मूत्रपिंडं धड असतील तर त्याआधी बहुधा केमो देतात. रोबोटने छिद्रं लहान पडतात, रक्त कमी जातं. कॅन्सरवरचा ताबा मात्र पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकाच. त्यामुळे यंत्रापेक्षा सर्जनने अशी किती मूत्राशयं काढली आहेत, ते विचारा. 15-20 सेंटिमीटर लहान आतडं वापरून लघवीला नवी वाट करतात आणि पोटावर पिशवी लागते. ती कशी सांभाळायची, हे वडिलांना आधीच दाखवून घ्या.

विडी आजच बंद. दुर्बिणीनंतर दोन-तीन आठवडे फवारणीचा पंप पाठीवर नको. खपली सुटताना दहाव्या-चौदाव्या दिवशी थोडं लाल जाऊ शकतं, तेव्हा पाणी वाढवा. गुठळ्या पडल्या किंवा लघवी तुंबली तर थेट दवाखाना. 3 महिन्यांनी तपासणीची दुर्बीण असते. ऑक्टोबर छाटणी ऐन भरात असली, तरी ती तारीख पुढे ढकलू नका.