ल्युसर्नच्या सरोवराभोवतीचे कोणते शिखर पायी करावे?

सह्याद्रीत आठ-दहा वर्षे भटकंती केलेल्या माणसाने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला चार दिवस मुक्काम असताना सरोवराभोवतीचे कोणते शिखर पायी करावे, टिटलिस सर्वांत उंच म्हणून तेच निवडावे का, आणि गाईड घ्यावा लागेल का, असे आपण विचारले आहे. मी गेली अकरा वर्षे या सरोवराच्या काठी राहतो आणि त्याआधीची माझी सगळी भटकंती मावळ, मुळशी आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरातली आहे. पहिल्या उन्हाळ्यात मीही हाच प्रश्न घेऊन फिरत होतो आणि उत्तर मात्र चुकीच्या आकड्यात शोधत होतो.

टिटलिसचा विषय आधी संपवतो. त्याची उंची ३,२३८ मीटर आहे आणि एंगेलबर्गहून निघणारे दोरावरचे पाळणे (केबल कार) आपल्याला सुमारे ३,०२० मीटरवरच्या स्थानकापर्यंत नेतात. सहलीला आलेली मंडळी ज्याला टिटलिस म्हणतात ते हे स्थानक. तेथून खऱ्या शिखराकडे जाणारी वाट हिमावरून आहे. जवळच दिसणारे ते टोक पाहून साध्या बुटांनी निघण्याचा मोह होतो, पण क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे धातूचे काटे) आणि दोर वापरण्याचा सराव नसेल तर गाईडशिवाय तेथे जाऊ नये. हा गिर्यारोहणाचा भाग झाला. आपल्याला हवी आहे ती पायी शिखरयात्रा, आणि तिच्यासाठी सरोवराभोवती यापेक्षा कितीतरी चांगले डोंगर आहेत.

आता आकड्यांविषयी. श्टान्सरहॉर्न आणि ग्रोसर मिथेन या दोन्ही शिखरांची उंची १,८९८ मीटर आहे, अगदी मीटरचाही फरक नाही. पण श्टान्सरहॉर्न श्टान्स गावातून चढायला घेतले तर सुमारे १,४५० मीटरचा चढ पडतो, आणि तो बहुतेक रान आणि कुरणे यांतून जातो. म्हणजे दमछाक पुष्कळ होते, पण भीती वाटावी असे फारसे काही लागत नाही. मिथेनसाठी ब्रुन्नीहून पाळण्याने होल्त्सएगला, म्हणजे १,४०५ मीटरवर, पोचता येते आणि उरतो तो जेमतेम ५०० मीटरचा चढ. परंतु ती वाट सरळ कातळात काढलेली आहे, चाळीसहून अधिक वळणे घेत वर जाते, मध्ये साखळ्या लावलेल्या आहेत आणि अनेक ठिकाणी एका अंगाला खोल दरी आहे. त्या वाटेवर जीवघेणे अपघात झालेले आहेत. तेव्हा समुद्रसपाटीपासूनची उंची येथे जवळजवळ निरुपयोगी आहे. सरोवराचे पाणी ४३४ मीटरवर आहे हे लक्षात ठेवून आपण प्रत्यक्षात किती चढणार तेवढेच मोजावे. रिगी १,७९८ मीटर म्हणजे कळसूबाईहून फक्त दीडशे मीटर उंच, असा हिशेब मी एकदा केला होता. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गावच मुळात बरेच उंचावर आहे आणि रिगीच्या पायथ्याचे वेगिस मात्र थेट पाण्याला लागून, ही गोष्ट अर्ध्या वाटेवर पोटऱ्यांनी समजावून दिली.

चढाइतकाच महत्त्वाचा आहे वाटेचा रंग. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांच्या खुणांची एकच देशव्यापी पद्धत आहे. नुसती पिवळी खूण म्हणजे कोणालाही चालता येईल अशी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. पाऊल स्थिर हवे, दरी पाहून डोळे फिरता कामा नयेत, आणि अवघड जागी साखळी किंवा दोर लावलेला असू शकतो. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की समजावे, पुढे घसारा, हिम किंवा हात लावून चढायचे कातळटप्पे असू शकतात आणि तेथे रक्षणाची सोय असेलच असे नाही. सह्याद्रीत हात-पाय लावून रॉकपॅच चढलेल्या माणसाला लाल पट्ट्याच्या वाटा जमतात. निळ्याच्या नादी मात्र पहिल्या भेटीत लागू नये. लाल वाटांसाठी गाईडची गरज नसते, कारण दर फाट्यावर दिशा आणि वेळ लिहिलेली पिवळी पाटी असते. ती वेळ विश्रांती न घेता चालण्याची असते, हे मात्र विसरू नये. आपल्या चिवड्याचा आणि छायाचित्रांचा वेळ तिच्यात धरलेला नाही.

आपल्या प्रश्नातला माझ्या मते सर्वांत नाजूक शब्द ‘जून’ हा आहे. पहिल्या वर्षी जूनच्या आरंभी मी ल्युसर्नजवळच्या पिलाटस या डोंगरावर आल्पनाखश्टाड गावाहून पायी निघालो. खाली ऊन, फुललेली कुरणे, गायींच्या गळ्यातल्या घंटा; वरच्या भागात एका सावलीतल्या नाळेत, म्हणजे उतारावरच्या अरुंद घळीत, हिवाळ्यातला बर्फ तसाच साचून राहिलेला होता. रुंदी पंधरा-वीस पावलांची असेल. दिवसा वितळून रात्री पुन्हा घट्ट झालेला तो थर सकाळी काचेसारखा असतो, त्यावर बूट रुतत नाही आणि घसरले तर थांबायला खाली काहीच नसते. मी चार पावले टाकली, पाचव्याला गुडघ्यावर आपटलो, आणि तसाच ओणवा मागे सरकत बाहेर आलो. पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या कातळाचा सराव येथे उपयोगी पडत नाही, कारण शेवाळ्याखाली बेसॉल्टची खरखर तरी असते. मिथेनचा चुनखडक तर हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालेला आहे; तो ओला असताना चढूच नये. आपल्या तारखांना उत्तराभिमुख नाळांत बर्फ असेल की नाही हे त्या वर्षीच्या हिवाळ्यावर ठरते, म्हणून निघण्यापूर्वी पाळण्याच्या किंवा रेल्वेच्या स्थानकात वाट खुली आहे का हे विचारावे. तेथील माणसे स्पष्ट सांगतात.

या सगळ्याचा विचार करता मी आपल्याला पहिल्या दिवशी रिगी सुचवीन, आणि तेही वेगिसहून. ल्युसर्नहून बोटीने वेगिसला उतरावे, बागा आणि रान ओलांडत फेल्सेनटोर या नैसर्गिक दगडी कमानीखालून काल्टबाडला (१,४३३ मीटर) यावे आणि तेथून माथा गाठावा. एकूण चढ सुमारे १,३६० मीटर, वेळ साडेचार-पाच तास. वाटेतला खडक पाहण्यासारखा आहे, कारण काँक्रीटमध्ये गोटे कालवावेत तसा नदीच्या गुळगुळीत गोट्यांचा तो बनलेला आहे. माथ्यावर पोचल्यावर दिसते ते असे की आपण घाम गाळून आलो तेथे लोक आइस्क्रीम खात रेल्वेतून उतरत आहेत. विट्सनाउहून येणारी ही दातेरी रेल्वे १८७१ साली सुरू झाली आणि युरोपातली ती पहिली पर्वतीय रेल्वे. पहिल्यांदा मला त्या गर्दीचा राग आला होता. आता मी उतरताना निमूटपणे त्याच गाडीत बसतो. श्टान्सरहॉर्न चढून पुन्हा पायीच उतरलो त्या आठवड्यात मला कचेरीचा जिना आडवा पाय टाकत उतरावा लागला होता. येथे डोंगर चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्यांना जड जाते आणि उतरण्याची सोय उपलब्ध असताना ती नाकारण्यात काही पुरुषार्थ नाही. आपण स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा प्रवासाचा पास) घेणार असाल तर रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे डोंगरावरचे गाव यांचा प्रवास त्यातच येतो. शेवटची गाडी किंवा पाळणा किती वाजता सुटतो ते मात्र सकाळीच टिपून ठेवावे.

पिलाटसविषयी थोडे विषयांतर करतो. येशूला क्रुसावर चढवण्याची आज्ञा देणारा रोमन सुभेदार पिलात याचे प्रेत तेथील एका डबक्यात पडले आहे आणि त्याला डिवचले की तो वादळ उठवतो, अशी समजूत होती. त्यामुळे शहराने डोंगरावर जायला बंदीच घातली होती आणि १३८७ मध्ये ती मोडणाऱ्या सहा धर्मगुरूंना तुरुंगात टाकले होते. १५८५ मध्ये एका पाद्र्याने लोकांसमक्ष त्या पाण्यात दगड टाकले, वादळ काही आले नाही, आणि भीती ओसरली. वादळे मात्र आजही येतात. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढू लागले की तासाभरात विजा सुरू होऊ शकतात, म्हणून सकाळी सातच्या आत चालू लागावे आणि दुपारी दोनपर्यंत धारेवरून खाली असावे. दुसरी फसवणूक फ्योन या दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार वाऱ्याची. तो वाहत असताना हवा इतकी स्वच्छ असते की दूरची हिमशिखरे हाताशी आल्यासारखी दिसतात, आणि तो पडला की पाठोपाठ पाऊस आणि थंडी येते.

वासरे बरोबर असलेल्या गायींपासून पुष्कळ लांबून जावे, कुरणाची फाटके उघडली तशी लावून घ्यावीत, आणि प्रवासविम्यात डोंगरातील हेलिकॉप्टर-बचाव धरला आहे का ते पुण्यातच तपासावे. हेलिकॉप्टर-बचाव बोलावण्याचा दूरध्वनी क्रमांक १४१४ आहे.

दुसरा दिवस पायांना विश्रांती देऊन बोटीत घालवावा. तिसऱ्या दिवशी हवा कोरडी असेल आणि वाट खुली असेल तर श्टोसला जाऊन क्लिंगेनश्टॉक ते फ्रोनआल्पश्टॉक ही डोंगरधार चालावी. साडेचार किलोमीटरच्या आसपासची ही वाट राजगडाच्या संजीवनी माचीवर रमणाऱ्या कोणालाही आवडेल, आणि तिच्यावरून सरोवराचे फाटे एकामागून एक दिसत राहतात. तिच्यावर बर्फ असल्यास त्या दिवशी श्टान्सरहॉर्न करावे. चौथा दिवस मी मोकळा ठेवला आहे, कारण चारांपैकी एक दिवस येथे पाऊस पडतोच. मिथेन पाहायचे असेल तर श्वित्स गावातून खालूनच पाहावे आणि पुढे कधी सप्टेंबरात येणे झाले तर चढावे.