हवामान बदलाचे ‘सिनारिओ’ म्हणजे भविष्यवाणीच ना?

नाही. ‘आपण असं वागलो तर काय होईल’ याचा तो हिशोब असतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालात असे पाच मुख्य सिनारिओ, म्हणजे संभाव्य मार्ग आहेत. पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन झपाट्यानं घटवलं, तर औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत शतकाअखेरीची तापमानवाढ सुमारे १.४ अंश सेल्सिअस, बेसुमार वाढू दिलं तर ४.४.

पण खरा जीव आहे तो त्यातल्या समाजाच्या भागात. लोकसंख्या, शिक्षण, विषमता, देशादेशांतलं सहकार्य हेही त्यात धरलेलं असतं. उष्णतेची लाट तीच, पण जवळ दवाखाना, घरात वीज-पाणी असेल तिथे माणसं तगतात. नसेल तिथे म्हातारीकोतारी आणि उन्हात राबणारे आधी दगावतात. म्हणून नुसते अंश बघू नका, कोणता समाज गृहीत धरलाय तेही वाचा. सगळ्यात टोकाचा मार्ग ‘हेच होणार’ म्हणून छापलेला दिसला, तर ती मांडणी चुकीची आहे.